मागच्या चाकापुढे नुसत्या रेघा

माझ्या मोटरसायकलच्या डिस्प्लेवर दोन्ही चाकांतल्या हवेचा दाब दिसतो, बारमध्ये. आता तिथं पुढच्या चाकासमोर 2.5 आणि मागच्या चाकासमोर दोन आडव्या रेघा. आधी ह्या रेघा अधूनमधून दिसायच्या, हिवाळ्यात सकाळी जरा जास्त, आणि गाडी तापली की आकडा परत उमटायचा. होळी झाली आणि त्या कायमच्याच मुक्कामाला आल्या. वरून पिवळा त्रिकोण पेटलेला. दिवसभर गाडी चालवताना डोळ्यासमोर पिवळा त्रिकोण असला की माणूस रस्ता कमी आणि त्रिकोण जास्त पाहतो.

गाडी 2017 ची, बाराशे सीसीच्या घरातली, चेनऐवजी शाफ्टवाली टूरिंग. पुण्याहून जुनी घेतलेली. मी यवतमाळ जिल्ह्यात, आर्णीच्या अलीकडच्या एका गावात राहतो, कृषी केंद्र चालवतो, आणि हंगाम नसला की गाडी काढून कुठंतरी निघतो. घरचे म्हणतात, एवढ्या पैशात वावरात बोअर झाला असता. बरोबरच आहे त्यांचं.

चाकातली हवा डिस्प्लेवर दिसणं हे शहरात चैनीचं काम असेल. आमच्याकडे नाही. तुळजापूर–नागपूर महामार्ग चौपदरी सिमेंटचा झाला, त्यावर काही भीती नाही. पण गावात शिरायचं तर पांदणीतून, आणि मार्च-एप्रिलमध्ये वावरातल्या पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून बैलगाडी-ट्रॉलीतून घरी येतात, तेव्हा त्या रस्त्याभर सांडत येतात. पऱ्हाटीचा तिरपा तुटलेला खुंट ट्रॅक्टरचा टायर फोडतो, तिथं माझ्या गाडीची काय कथा. बाभळीचे काटे बाराही महिने. सामानासकट पावणेतीनशे किलोची गाडी, ट्यूबलेस टायर, हवा हळूहळू उतरतेय हे बुडाला कळेपर्यंत उशीर झालेला असतो. नागपूर इथून दोनशे किलोमीटरच्या आत-बाहेर, आणि ह्या जातीच्या गाडीला हात लावणारा तालुक्यात कोणी नाही. म्हणून ते आकडे मला हवे होते.

हे आकडे पाठवतो तो सेन्सर म्हणजे काडेपेटीच्या अर्ध्याएवढी काळी डबी. व्हॉल्व्हच्या आतल्या टोकाला, रिमच्या खोलगट भागात, टायरच्या पोटात बसवलेली. तिच्यात दाब मोजणारी चिप, तापमान मोजणारी चिप, चाक फिरतंय का हे ओळखणारी चिप, एक छोटा रेडिओ आणि लिथियमचा सेल. चाक थांबलं की ती झोपते, फिरायला लागलं की जागी होते आणि ठराविक वेळाने आपला नंबर, दाब आणि तापमान हवेत सोडते. माझ्या गाडीत ताशी 30 चा वेग एकदा ओलांडल्याशिवाय आकडे दिसतच नाहीत. त्यामुळे उभ्या गाडीवर रेघा दिसल्या तर घाबरायचं कारण नसतं. चालत्या गाडीवर दिसल्या तरच दुखणं.

हे सगळं त्या एका सेलवर चालतं आणि तो सेल बदलता येत नाही. सगळी डबी राळेसारख्या द्रव्यात घट्ट बुडवून टाकलेली असते. पाच ते सात वर्षं, कधी आणखी थोडी, मग संपली. आमच्या ओळखीत एकाने ती राळ चाकूने कोरून, जुना सेल काढून, नवा डाग देऊन बसवला होता. मलाही त्याने आग्रह केला. मी कागद-पेन घेऊन बसलो. ताशी 100 च्या वेगात रिमच्या त्या जागेवर गुरुत्वाकर्षणाच्या साधारण 160 पट ओढ बसते. म्हणजे पंचवीस ग्रॅमची डबी तिथं चार किलोची होते. चार किलो वजनाखाली माझा डाग टिकेल ह्यावर माझा विश्वास नाही. त्याच्या गाडीत तो अजून चालतोय, ही गोष्ट वेगळी.

मागचा सेन्सर मेला हे तर उघड होतं. खरी गंमत पुढच्याची निघाली.

पुढे कायम 2.5. सकाळी 2.5, दुपारी 2.5, डिकीत सामान भरलं तरी 2.5. इतकं शहाणं चाक मी पाहिलेलं नाही. खिशातला गेज लावला तर हवा 31 पीएसआय, म्हणजे जेमतेम 2.1 बार. मुद्दाम आणखी थोडी हवा सोडली, जपून गावाबाहेर चक्कर मारून आलो, डिस्प्लेवर पुन्हा 2.5. सेल जिवंत होता, रेडिओ बोलत होता, पण जे बोलत होता ते जुनं. मागचा निदान मुका होता. हा तर तोंडावर खोटं बोलत होता. मुका परवडला.

असं होण्याचं कारण आमच्या भागात सहज सापडतं. काट्यांवर उपाय म्हणून लोक टायरमध्ये ते हिरवं-निळं चिकट औषध भरतात. टायर फिरला की ते आतून पसरतं, काटा निघाला की भोक आपोआप बुजवतं. स्कूटर-मोटरसायकलला बरं आहे, मी स्वतः दुकानात ठेवतो आणि विकतो. पण सेन्सरवर दाब मोजायचं एक बारीक छिद्र असतं, आणि ते औषध त्यालाही भोकच समजतं. आधीच्या मालकाने टायरात ते भरलं असणार असा संशय होता. तो टायर उघडल्यावर खरा ठरला.

सेन्सर मिळवण्याची कथा लांबवत नाही. मोठ्या शहरातल्या एका सर्व्हिस सेंटरने सांगितलं, गाडी घेऊन या, सेन्सर सुटे विकत नाही, बसवूनच देतो. दोन सेन्सरचा आकडा ऐकला तर त्यात मागचा टायर आला असता आणि वर पेट्रोल. मग पार्ट नंबर शोधून बाहेरून मागवले. इथं एक गोष्ट पाहून घ्यावी लागते. युरोपच्या गाड्यांचे (माझीही त्यातलीच) सेन्सर 433.92 मेगाहर्ट्झवर बोलतात, अमेरिकेतल्या बऱ्याच गाड्यांचे 315 वर. दिसायला दोन्ही सारखे, स्वस्तात बहुधा 315 वालेच मिळतात, आणि ते आपल्या गाडीला ऐकूच येत नाहीत. जुन्याच्या पोटावर आकडा छापलेला असतो, पण तो पाहायला टायर उघडायचा, आणि टायर उघडायचा तर नवा हातात हवा. म्हणून पार्ट नंबरवरूनच खात्री करून घेतली. कारचे कोरे सेन्सर घेऊन त्यात जुन्याचा नंबर भरून देणारेही आहेत नागपुरात. पण कारच्या आणि मोटरसायकलच्या रिमला व्हॉल्व्हचं भोक सहसा वेगळ्या मापाचं असतं, आणि रिम ही जुगाड करायची जागा नाही.

पार्सल रस्त्यानेच आलं, कारण लिथियमचा सेल असला की विमानाने पाठवायला कुरियरवाले कुरकुरतात. शेवटी फोन आला, "तालुक्याले येऊन घेऊन जा भाऊ, गावात गाडी येत नाही." गेलो, घेतलं.

मागचा टायर तसाही मधोमध चपटा झाला होता. सिमेंटच्या सरळ रस्त्यावर टूरिंगचा टायर असाच झिजतो, कडा कोऱ्या आणि मध्य गुळगुळीत. म्हणून तो नवा आणून ठेवला होता. ज्याला सेन्सर बदलायचे आहेत त्याने टायर बदलायची वेळ साधावी, कारण मजुरी आणि जोखीम दोन्ही टायर उतरवण्यात आहे. सेन्सरचं काम पाच मिनिटांचं.

मागचं चाक काढणं सोपं. एका बाजूचा स्विंगआर्म, पाच बोल्ट, कारसारखं. पुढच्याला जरा सोपस्कार आहेत: ब्रेकचे दोन्ही कॅलिपर सोडून दोरीने वर बांधायचे, त्यांच्या नळीवर वजन येऊ द्यायचं नाही, आणि तेवढा वेळ ब्रेकचं लिव्हर कोणी दाबणार नाही हे पाहायचं. घरात लहान पोरं असतील तर हँडलला टेप गुंडाळून ठेवावी. गाडी सेंटर स्टँडवर घेऊन पुढचं चाक अधांतरी ठेवायला मागच्या कॅरियरवर वजन लागतं. आमच्या दुकानात त्याची कमी नाही. पंचेचाळीस किलोची युरियाची गोणी ठेवली, वरून पट्टा आवळला. एका वेळी एकच चाक काढलं, कारण दोन्ही काढल्यावर गोणी कुठे ठेवायची हा प्रश्न होता.

चाक घेऊन गेलो ते चाचांकडे. आर्णीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर, ट्रॉली, जीप, काळीपिवळी, सगळ्यांचे टायर करतात. बाहेर रिमोल्डच्या टायरांची चळत, आत कॉम्प्रेसर धडधडतोय. चाचांनी चाक आडवं टाकलं, टायर उचकटायची लोखंडी टॉमी उचलली.

"चाचा, जरा थांबा. ह्याच्या आत व्हॉल्व्हखाली डबी हाय. टॉमी तिले लागली का मेली."

"काहीची डबी?"

"हवा मोजाची. गाडीवर आकडा दिसते."

"आन् मी काय करून रायलो मंग इथं, तीस वर्षं?" ते हसले. "केवढ्याची हाय?"

सांगितलं. चाचांनी टॉमी हळूच खाली ठेवली. "मंग तूच खोल बाप्पा. मी सांगतो."

शेवटी दोघांनी मिळून खोललं, आणि हात त्यांचाच जास्त चालला. आधी व्हॉल्व्हचा कोर, म्हणजे आतली पिन, काढून हवा पूर्ण सोडली. मग टायरची कड रिमपासून सुटी करायची. चाचांकडे त्यासाठी लांब दांड्याचा दाब्या आहे, भिंतीला बिजागरीवर बसवलेला. नियम एकच: व्हॉल्व्हच्या जागी दाब द्यायचा नाही. व्हॉल्व्हच्या बरोबर समोर, नंतर दोन्ही बाजूंना, आणि व्हॉल्व्हजवळची कड सगळ्यात शेवटी नुसत्या पायाच्या दाबाने. रिमवर मी खडूने व्हॉल्व्हच्या दोन्ही बाजूंना वीतभर अंतरावर रेघा मारून ठेवल्या होत्या. ह्या रेघांच्या आत खोलवर काही घालायचं नाही.

टॉमी कुठून घालायची यावर आमचा वाद झाला. चाचांचं म्हणणं, डबीपासून लांब, समोरून सुरू करू. ऐकायला बरोबर वाटतं. पण टायर काढताना जिथं टॉमी लावतो त्याच्या समोरची कड रिमच्या खोलगट भागात उतरते, त्याशिवाय ढील मिळतच नाही. समोरून सुरू केलं तर ती कड नेमकी डबीवर जाऊन बसते आणि आपण वरून जोर लावतो. म्हणून टॉमी लावायची ती व्हॉल्व्हच्या बाजूलाच, खडूच्या रेघेला लागून, आणि टोक बोटाच्या पेराएवढंच आत. चाचांनी दोन मिनिटं टायरकडे पाहिलं, गुडघ्याने समोरची कड दाबून पाहिली, आणि म्हणाले, "हाव, बरोबर." त्यानंतर त्यांना काही सांगावं लागलं नाही.

रिमला ओरखडा पडू नये म्हणून बाजारात प्लास्टिकच्या खापा मिळतात. आम्ही ठिबकची 16 मिलिमीटरची नळी हातभर कापली, लांबीत चिरली आणि रिमच्या काठावर चढवली. काय बसली म्हणता! टॉमीखाली सरकत नाही, तुटत नाही, आणि वावराच्या बांधावर फुकट पडलेली असते. चाचांनी उरलेला तुकडा खिळ्याला अडकवून ठेवला, कारवाल्यांच्या अलॉयसाठी.

टायर निघाला आणि आतून वाळलेल्या औषधाचा थर. मूळ हिरवा असावा. उन्हाने शिजून त्याची राखाडी, रबरासारखी साय झाली होती, नखाने उचलली तर पट्टाच्या पट्टा निघायचा. मागच्या सेन्सरवर शिंतोडे होते. पुढच्याचं तर ते बारीक छिद्र बरोबर मधोमध बुजलेलं, वर फुगवटा आलेला. त्या फुगवट्याआड कधी काळची 2.5 बार हवा कोंडून बसली होती आणि सेन्सर इमानदारीने तीच मोजत होता. म्हणजे खोटा तोही नव्हता. सुईने टोकरून पाहायचा मोह झाला, पण छिद्राच्या आत लगेच नाजूक पडदा असतो. सेलही मागच्याच वयाचा. पुढचाही बदलला.

रिम साध्या पाण्याने आणि कापडाने पुसली. डिझेलचा बोळा चाचांच्या हातात तयारच होता, तो नको म्हटलं. डिझेलने टायरचं रबर खराब होतं आणि कड रिमवर सरकत राहते. टायर चढवायलाही ग्रीस नको, साबणाचं पाणीच.

सेन्सर व्हॉल्व्हला एका बारीक स्क्रूने जोडलेला असतो आणि व्हॉल्व्ह रिमला नटने. व्हॉल्व्हच्या बुडाशी रबराचा सील असतो, तो एकदाच वापरायचा. जुना काढला तर एका बाजूने चेपून त्याची चकती झाली होती. नटला ताकद नको. मॅन्युअलमधला आकडा पाहावा, साधारण चार ते आठ न्यूटन-मीटरच्या घरात असतो. ज्या हाताने आपण चाकाचे बोल्ट आवळतो तो हात इथं चालत नाही. व्हॉल्व्ह ॲल्युमिनियमचा, आवळला की टुचकन तुटतो.

आणखी एक बारकी गोष्ट, जी इथल्या कोणत्याही दुकानात कोणी सांगत नाही. ॲल्युमिनियमच्या व्हॉल्व्हमध्ये साधा पितळी कोर घालायचा नाही, आणि वर पितळी टोपीही लावायची नाही. दोन वेगळे धातू, मधे ओल, की गंज चढतो आणि दोन्ही एकमेकांना धरून बसतात. मग कोर फिरवायला जावं तर व्हॉल्व्हच तुटतो, आणि व्हॉल्व्हबरोबर सेन्सर गेला. कोर निकेलचा मुलामा दिलेला हवा, रुपेरी दिसतो. टोपी प्लास्टिकची. चाचांच्या पोट्ट्याने प्रेमाने चकचकीत पितळी टोप्या आणल्या होत्या, "नवा व्हॉल्व्ह हाय तर नवी टोपी." त्या त्याच्याच सायकलला लावल्या.

टायर चढवण्याच्या आधी मी सेन्सरवरच्या नंबरचे फोटो काढले. हे काम विसरला तो संपला, कारण नंबर टायरच्या पोटात जातो. माझ्या सेन्सरवर आठ अक्षरी नंबर आहे, आकडे आणि इंग्रजी अक्षरं मिसळून. अक्षरं ए पासून एफ पर्यंतचीच असतात, त्यामुळे गोल काही दिसलं तर ते शून्यच, ओ नाही. घोळ होतो तो आठ आणि बी मध्ये. छपाई इतकी बारीक की फोटो मोठा करून, शेजारी चाळिशीवाले दोन आणि तरण्या डोळ्यांचा एक बसवून, तो वाचला. कोणता पुढचा, कोणता मागचा, हे लगेच कागदावर लिहिलं.

चढवताना नव्या टायरवरचा पिवळा ठिपका व्हॉल्व्हसमोर आणला. ठिपक्याची जागा टायरची हलकी बाजू असते, आणि व्हॉल्व्ह-सेन्सरची बाजू जड, म्हणून. मग कोर काढून कॉम्प्रेसरची नळी लावली, हवेचा लोंढा गेला, आणि कडा रिमवर बसल्याचे दोन फटाके वाजले. चहावाल्याने मान वर करून पाहिलं.

बॅलन्सिंगचं मशीन चाचांकडे नाही. पुढच्या चाकाला त्याचाच ॲक्सल घालून दोन सारख्या उंचीच्या क्रेटवर आडवा ठेवला, चाक हलकेच सोडलं. जड बाजू खाली येऊन थांबते. वेगवेगळ्या जागी थांबवून सोडलं, कुठंही सोडलं तरी तसंच राहिलं. जुन्या-नव्या सेन्सरच्या वजनात नाव घेण्यासारखा फरक नव्हता, त्यामुळे रिमवरचं जुनं वजनच चाललं. ते वाळलेलं औषध निघाल्याचा फायदाच झाला असावा. पूर्वी नव्वदीनंतर हँडलला बारीक थरथर जाणवायची, ती गेली.

चाचांनी मजुरी सांगितली ती ट्रॅक्टरच्या पुढच्या टायरची. मी जास्त दिली तर उरलेले परत केले.

घरी चाकं चढवली. मागचे पाच बोल्ट 60 न्यूटन-मीटरला, समोरासमोर, चांदणी काढतो तसे. पुढचा ॲक्सल आवळण्याआधी फोर्क वरखाली दाबून घेतला. कॅलिपर बसवल्यावर ब्रेक पंप करून लिव्हर कडक झालं का पाहिलं. हे केल्याशिवाय गाडी जागेवरून हलवायची नाही.

आता उरलं लॅपटॉपचं काम. गाडीला नवे नंबर ओळखीचे करून द्यावे लागतात, नाही तर ती त्यांना रस्त्यावरच्या दुसऱ्याच कोणाच्या गाडीचे समजते आणि ऐकत नाही. पुसदच्या एका गाडीवाल्या मित्राकडे गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा ॲडॅप्टर आहे. मीटर, इंजिन, एबीएस आणि टायर, सगळ्यांशी तो बोलतो. मित्र आला, पाटोडी-भाकर झाली, गाडीला बॅटरीचा चार्जर लावून ठेवला (मधेच व्होल्टेज पडलं तर कॉम्प्युटर अर्धवट शिकून बसतो), आणि नंबर टाकले. यादीत जुने दोन होते, ते पुसून नवे दोन. एवढंच. सर्व्हिस सेंटरला जाण्याचं खरं कारण हे एवढंच होतं, आणि ते पोर्चमध्ये चहा होईपर्यंत झालं.

महामार्गावर घेतली. तिशी ओलांडली. थोड्या वेळाने पुढे 2.5 आलं, मागोमाग मागे 2.9. त्रिकोण विझला. पुढचा-मागचा उलटा तर नोंदला गेला नाही ना, हे पाहायला पुढच्यातून थोडी हवा सोडली. पुढचाच आकडा उतरला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचांना दाखवायला गेलो. वैशाखाचं ऊन, बाहेर चव्वेचाळीस-पंचेचाळीस. त्यांनी अभिमानाने आपला गेज मागच्या चाकाला लावला. 47. माझ्या डिस्प्लेवर 2.9, म्हणजे 42.

"भाऊ, तुही डबी पाच खाऊन रायली." आणि हवा सोडायला पिन दाबणार तेवढ्यात मी हात धरला.

डबी काही खात नव्हती. माझ्या गाडीचा डिस्प्ले जो दाब दाखवतो तो प्रत्यक्षातला नसून, हीच हवा 20 अंशांवर असती तर किती भरली असती तो हिशेब असतो. सेन्सर तापमानही मोजतो ते त्यासाठीच. गेज मात्र आत्ता, ह्या क्षणी जे आहे ते दाखवतो. गणित सोपं आहे. 2.9 मध्ये बाहेरच्या हवेचा एक बार मिळवला की 3.9. 20 अंश म्हणजे 293 केल्विन, 45 अंश म्हणजे 318. 3.9 ला 318 ने गुणून 293 ने भागलं की 4.23, त्यातून एक वजा, 3.23 बार. पीएसआयमध्ये 47. दोघंही खरं बोलत होते.

आमच्याकडे उन्हाळ्यात हा घोटाळा सर्रास होतो. दुपारी पंपावर हवा तपासायची, आकडा जास्त दिसला की सोडायची, "गरमीत टायर फुटते" म्हणून. रात्री टायर थंड झाला की तो कमी हवेवर येतो, सकाळी तसाच पळवायचा, कमी हवेच्या टायरच्या भिंती जास्त वाकतात, जास्त तापतात, आणि मग तो खरंच फुटतो. हवा तपासायची ती पहाटे, गाडी हलवण्याआधी. त्यातही विदर्भातली मे महिन्याची पहाट 30 अंशांची असते, त्यामुळे गेजवर 42 भरून निघालो तर डिस्प्ले 2.8 म्हणतो. 2.9 पाहिजे असेल तर 44 भरावी लागते. मला आता ह्याची सवय झाली. गेजवर दोन जास्त भरतो आणि गप्प बसतो.

चाचांना हिशेब पटला की नाही माहीत नाही. तापलेल्या टायरची हवा सोडायची नाही हे मात्र ते आता ट्रॉलीवाल्यांनाही सांगतात, मी ऐकलंय.

बरेच जण विचारतात, एवढा खटाटोप कशाला, टोपीवाले सेन्सर का नाही लावले. व्हॉल्व्हच्या टोपीच्या जागी बसतात, सोबत छोटा डिस्प्ले मिळतो, सेल नाण्यासारखा, आपल्या हाताने बदलता येतो, आणि सगळा संच माझ्या एका सेन्सरच्या पाव किमतीत. ज्या गाडीत कंपनीचे सेन्सर नाहीत तिला ते चांगलेच. भाच्याच्या जीपला मीच बसवून दिले. पण टोपीवाला सेन्सर व्हॉल्व्हची पिन कायम दाबून ठेवतो, हवा धरून ठेवते ती त्याच्या आतली एक रबरी रिंग. ती चिरली की जो यंत्रभाग गळती सांगायला बसवला तोच गळतो. साध्या रबरी व्हॉल्व्हवर त्याचं वजन वेगात बाहेर ओढतं, म्हणून ते लावायचे तर आधी धातूचा व्हॉल्व्ह बसवून घ्यावा. हवा भरायची तर प्रत्येक वेळी फिरवून काढायचे. आणि बाजारच्या दिवशी आर्णीत गाडी उभी केली, तर परत येईपर्यंत ते जागेवर असतील याची हमी मी देत नाही.